गणवेश आणि वास्तवाचा आभास

जॉर्ज वॉशिंग्टनने १ ऑगस्ट १७८६ रोजी थॉमस जेफरसनला लिहिलेले पत्र वास्तववादाचा जाहीरनामा म्हणून वाचणे हा समीक्षेतील आळस आहे. व्हर्जिनियाच्या विधिमंडळाने १७८४ मध्ये ठरविलेल्या पुतळ्यासाठी शिल्पकार ऊदाँ पुढच्याच वर्षी माउंट व्हर्ननला येऊन वॉशिंग्टनच्या चेहऱ्याचा साचा घेऊन गेला होता. पोशाखाची पृच्छा जेफरसनने केली. उत्तरात आधुनिक वेषाकडे कल दिसतो. तेवढ्यावरून ‘रोमन झगा फेकला गेला आणि खरा माणूस प्रकटला’ असा निष्कर्ष निघतो!

पत्रात असा आवेश कुठेच नाही. शिल्पकलेचे ज्ञान अपुरे असल्याची कबुली, जाणकारांच्या अभिरुचीपुढे माघार, आणि मग प्राचीन वेषाला दास्यभावाने चिकटणे कदाचित तितकेसे उचित ठरणार नाही, अशी दबकी सूचना. तीही चित्रकार वेस्टने ऊदाँपाशी तसे सुचविल्याचे कानी आले म्हणून. गणवेशाचा तेथे उल्लेखही नाही. कसोटी सत्याची नाही, औचित्याची आहे. क्षेमेंद्राच्या वाचकाला ती परकी वाटू नये.

शिवाय हा गणवेश ‘वास्तव’ कोणत्या अर्थाने? २३ डिसेंबर १७८३ रोजीच वॉशिंग्टनने सेनापतिपद सोडले होते. ऊदाँसमोर बसला तो शेतीवाडी पाहणारा जमीनदार. पुतळ्यात मात्र अंगावर गणवेश, हाती साधी काठी, बाजूला तेरा दांड्यांची रोमन मोळी, तिच्यावर टांगलेली तलवार आणि मागे नांगर आहे. ही सारी सिन्सिनाटसची कथा. रोम अंगावरून उतरले, पण पुतळ्यातून गेले नाही. खुद्द वेस्टच्या १७७० च्या ‘जनरल वुल्फचा मृत्यू’ या चित्रातही गणवेश समकालीन आहेत, रचना मात्र ख्रिस्तशोकाच्या चित्रांची.

यावर चिन्हमीमांसेचे नवशिके म्हणतील की, मग सारेच वेष संकेत, सारेच सारखे. तेही खोटे. ग्रीनोने १८४१ मध्ये उघड्या छातीचा, झ्यूससारखा वॉशिंग्टन वॉशिंग्टन शहरात आणला, तेव्हा लोकांनी त्याची थट्टाच केली. संकेत सारे समान असते, तर हसू का आले असते? ऊदाँच्या काळी तो गणवेश रणांगणावर पाहिलेले लोक हयात होते. झ्यूसच्या वस्त्राला ग्रीनोच्या प्रेक्षकांत अशी स्मृती नव्हती. पाहणाऱ्याची ही स्मृती वगळून ‘वास्तव’ आणि ‘संकेत’ या शब्दांचा जो वाद घातला जातो, त्यात ना पत्र वाचले जाते, ना पुतळा पाहिला जातो.