रस्त्यावर न येणारी गाडी

परवा रात्री साडेदहाला फोन वाजला. अवेळी फोन आला की माझ्या पोटात गोळाच येतो. कुटुंब सल्ला केंद्राचं काम करायला लागल्यापासून रात्रीच्या फोनवर सहसा चांगली बातमी ऐकलेली नाही. पण फोन अमेरिकेहून होता, भाचेसुनेचा. माझ्या ताईचा मुलगा आणि ती गेली दहा वर्षं शार्लटला असतात. दोघंही नोकरी करतात.

"मावशी, त्याला गाडी घ्यायचीय," ती म्हणाली. आवाज रडवेला.

"मग घेऊ दे की! त्यात रडायचं काय?"

"ती रस्त्यावर चालवायची गाडीच नाहीये हो. फक्त ट्रॅकवर पळवायची. आणि त्यासाठी कराडचा प्लॉट विकायचा म्हणतोय."

मैत्रिणींनो, खरं सांगते, अशीही गाडी असते हे मला तोपर्यंत माहीत नव्हतं. शर्यतीच्या गाड्या टीव्हीवर पाहिल्या होत्या, पण त्या बड्या कंपन्यांच्या. नोकरी करणारा माणूस स्वतःच्या पैशाने अशी गाडी घेतो हे डोक्यातच आलं नव्हतं. मग दुसऱ्या दिवशी भाच्यालाच फोन लावला आणि तासभर शिकवणी घेतली.

माझदा कंपनीची एमएक्स-५ नावाची दोन माणसांची छोटी गाडी आहे. तिकडे तिला लाडाने मियाटा म्हणतात. तीच गाडी शर्यतीसाठी वेगळी बांधून विकतात. आतलं अस्तर, गालिचा, रेडिओ, एसी सगळं काढून टाकायचं. मग आत लोखंडी नळ्यांचा पिंजरा बसवायचा, म्हणजे गाडी उलटली तरी टप चेपत नाही. इंजिनला सील, कुणी चोरून ताकद वाढवू नये म्हणून. २०१५ साली ही शर्यतीची गाडी ५३ हजार डॉलरला होती आणि रस्त्यावरची तीच गाडी साधारण २५ हजारांना. म्हणजे गाद्या-गालिचे काढून घ्यायचे आणि किंमत दुप्पट! आपल्याकडे एखाद्या दुकानदाराने साडीचे काठपदर कापून दुप्पट पैसे मागितले, तर आपण त्याला काय म्हणू?

भाचा घेणार ती जुनी, दुसऱ्याने काही वर्षं पळवलेली. तरी ६० हजार डॉलर. आपले पन्नास लाखांच्या वर.

त्याचं म्हणणं अगदीच वेडगळ नव्हतं, हेही सांगायला हवं. "मावशी, साधी जुनी गाडी घेऊन घरी शर्यतीची बनवायला गेलो तर पैसे तेवढेच जातील, दोन वर्षं जातील आणि विकताना निम्मेही यायचे नाहीत. शिवाय पिंजऱ्याचं वेल्डिंग कुणी कसं केलंय, हे अपघात झाल्यावरच कळतं. कंपनीची गाडी तयार असते, सुटे भाग मिळतात, सगळ्यांच्या गाड्या सारख्या असतात." हे मला पटलं. हलवायाकडून आणलेला लाडू महाग पडतो, पण निदान पाक बिघडलेला नसतो.

पण मी बाई माणूस, माझा हिशोब गाडीच्या किमतीपाशी थांबत नाही. म्हटलं, पुढचं सांग. ही गाडी रस्त्यावर चालवत न्यायची नाही, मग ट्रॅकवर जाणार कशी? तर ट्रेलरवर. ट्रेलर ओढणार कोण? मोठी पिकअप. ती आहे का? नाही, घ्यावी लागेल. टायर? दोन-चार दिवसांच्या पळण्यात संपतात. देखभाल किलोमीटरवर नाही, तासांवर मोजायची. एवढे तास पळाली की गिअरबॉक्स उघडून तपासायचा. बसणाऱ्याला जखडून ठेवणाऱ्या पट्ट्यांनासुद्धा औषधाच्या बाटलीसारखी मुदत छापलेली असते, पाच वर्षांनी कितीही चांगल्या दिसल्या तरी बदलायच्या. आगीत न जळणारे कपडे, हेल्मेट, मानेला झटका बसू नये म्हणून वेगळं साधन. प्रत्येक शर्यतीची फी. आणि नेहमीचा वाहन विमा ट्रॅकवरच्या नुकसानीला चालत नाही. एका वळणावर चुकलास की सगळं तुझ्या खिशातून. मी हे सगळं कॅलेंडरच्या मागच्या कोऱ्या बाजूला लिहीत गेले. कागद भरला, तेव्हा तोही जरा गप्प झाला.

त्याने मला आणखी एक गोष्ट सांगितली, मन वळवायला म्हणून. २००५ मध्ये फेरारीने एफएक्सएक्स नावाची गाडी काढली. किंमत सुमारे १५ लाख युरो, जगात तिशीच्या घरात लोकांना मिळाली आणि तीही कंपनीने निवडलेल्या. ती रस्त्यावर न्यायची परवानगी नाही आणि नेहमीच्या शर्यतीतही ती चालत नाही! कंपनी ट्रॅकवर कार्यक्रम ठेवणार, तेव्हा मालकाने जायचं, पळवायची आणि घरी यायचं. गाड्या सांभाळायच्या कंपनीनेच. "त्यापुढे माझं काहीच नाही," तो म्हणाला. मी हसून हसून बेजार. पैसे द्यायचे आणि वस्तू दुकानदाराच्याच घरी! लॉकरमधल्या दागिन्यांचं आपलंही तसंच असतं म्हणा.

हसले खरी, पण रात्री झोप लागेना. कारण असली गाडी मी आमच्या घरात पाहिलेली आहे. तिला चाकं नव्हती, चार पाय होते.

माझ्या वडिलांनी शर्यतीचा खिलार खोंड घेतला होता. मी तेव्हा चौथीत. असा बैल नांगराला जुंपत नाहीत, ओझं ओढायला लावत नाहीत. त्याने वर्षातून काही दिवस जत्रेच्या मैदानात पळायचं, एवढंच. त्याचा खुराक मात्र रोजचा. दूध आधी त्याला, अंडी त्याला, उडदाची डाळ भिजवलेली त्याला. आम्हा भावंडांना चहात घालण्यापुरतं दूध उरायचं. खोंडासाठी आईच्या पाटल्या गहाण पडल्या, त्या काही परत हातात आल्या नाहीत. खोंड एकदा जिंकला, एक पितळी घागर मिळाली. त्या घागरीने आई पुढे कितीतरी वर्षं पाणी भरायची.

पण वडील मैदानावरून आले की त्यांचा चेहरा जो फुललेला असायचा, तसा मी नंतर कधी पाहिला नाही, हेही खरं. २०१४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने शर्यतींवर बंदी घातली तेव्हा ते दोन दिवस नीट जेवले नाहीत. १८ मे २०२३ ला घटनापीठाने शर्यतींचा कायदा वैध ठरवला, तो दिवस बघायला ते राहिले नव्हते. त्यामुळे हौस म्हणजे नुसती उधळपट्टी, असं मी तोंड वर करून म्हणू शकत नाही. माझी तक्रार खोंडाबद्दल कधीच नव्हती. पाटल्या काढून देताना आईला कुणी विचारलं नव्हतं, त्याबद्दल आहे.

आता दुसरी बाजू. वेगाची हौस असलेला मुलगा ट्रॅकवर गेला नाही तर कुठे जातो? आमच्या गावाबाहेरच्या बायपासवर रविवारी पहाटे मोटरसायकली पळतात. मागच्या पावसाळ्यात त्यातला एक गेला. बारावीतला. त्याच्या आईकडे मी तीन वेळा जाऊन आले, तिघी-चौघी नुसत्या बसतो, बोलायला काही नसतं. आणि १९ मे २०२४ ची पुण्यातली कल्याणीनगरची पहाट आपण कुणीच विसरलेलो नाही. महागडी पोर्श, अल्पवयीन मुलाच्या हाती असल्याचा गुन्हा दाखल झाला, कायमची नोंदणीसुद्धा झालेली नव्हती. १७५८ रुपये फी भरायची राहिली होती म्हणून! मोटरसायकलवरची चोवीस वर्षांची दोन मुलं, एक मुलगा, एक मुलगी, दोघंही इंजिनिअर, जागच्या जागी गेली.

म्हणून मला वाटतं, मुळात रस्त्यावर येऊच न शकणारी वेगवान गाडी ही रस्त्यावर येणाऱ्या वेगवान गाडीपेक्षा कितीतरी बरी. तिला कुंपण आहे, तिच्यासाठी रुग्णवाहिका उभी असते, आणि समोरून दूध घालायला निघालेला सायकलवाला येत नाही. आपल्याकडे असे ट्रॅक आहेत तरी किती? चेन्नईजवळचा, कोइमतूरचा, दिल्लीजवळ ग्रेटर नोएडाला २०११ मध्ये झालेला. मराठी मुलाला तिथे जायचं म्हणजे प्रवासातच खिसा रिकामा. ज्यांच्या घरात पैसा आहे त्यांनी मुलाला अठराव्या वर्षी मोठी गाडी देण्याऐवजी आधी ट्रॅकवर शिकायला पाठवलं, तर मी त्या खर्चाला उधळपट्टी म्हणणार नाही.

मग भाच्याने गाडी घ्यावी का? माझं मत विचाराल तर आत्ता नाही. वर्षभर प्रत्येक शर्यतीला जाणारा असेल तर कंपनीची गाडी घेण्यात अर्थ आहे. हा जाणार वर्षातून चार वेळा. तिकडे गाडी भाड्यानेही मिळते. गाडी, टायर, मेकॅनिक सगळं त्यांचं, आपण हेल्मेट घेऊन जायचं. एक वर्ष तसं करून बघ, म्हटलं, आणि प्लॉटच्या कागदांवर दोघांची नावं आहेत तर आकडेही दोघांनी बसून मांडा. तो म्हणाला, "मावशी, तू पण ना!" पण नाही म्हणाला नाही.

काल परत सुनेचा फोन. या वेळी दिवसा, आणि आवाज ठीक. पुढच्या महिन्यात एक दिवस गाडी भाड्याने घेतली आहे, दोघं जाणार आहेत. मग जरा थांबून म्हणाली, "मावशी, गाडीत सीट एकच असते. मी तिकडे दिवसभर डबा घेऊन बसू का?"

माझी आई आयुष्यात कधी मैदानावर गेली नाही. मी म्हटलं, "एकच असते ना? मग सकाळी तो बसेल, दुपारी तू बस. भाडं दोघांच्या पगारातून जातंय."

ती इतकी हसली की पलीकडून भाच्याने "काय झालं?" म्हणून विचारलं. तिने त्याला काय सांगितलं ते मला ऐकू आलं नाही.