अंगाचे वजन उतरले, यंत्राचा दाब कोण उतरवणार?



या सदरात आपण माती, पाणी, खते आणि कीड-रोग यांविषयी बोलत असतो. आज थोडे घरातल्या माणसाविषयी बोलू. विषय दाबाचा, गळतीचा आणि मोजमापाचा आहे, म्हणून तो आपल्याला परका वाटू नये.

अलीकडे काही घरांत उशाशी एक लहानसे यंत्र दिसू लागले आहे. जेवणाच्या डब्याएवढा त्याचा आकार. त्याला एक लवचिक नळी असते आणि नळीच्या टोकाला नाकावर बसवायचा मास्क. डॉक्टर त्याला सी-पॅप म्हणतात, गावात त्याला घोरण्याचे मशीन म्हणतात. ज्याला हे मशीन मिळते त्याला बहुधा आणखी एक सल्ला मिळालेला असतो, तो म्हणजे वजन कमी करा. काही मंडळी हा सल्ला खरोखरच मनावर घेतात. कोणी रात्रीचे जेवण कमी करतो, कोणी पहाटे बांधाबांधाने चार-पाच किलोमीटर चालतो, कोणी डॉक्टरांच्या देखरेखीखाली औषध घेतो. वर्षभरात दहा-पंधरा किलो वजन उतरते. मग प्रश्न येतो, "साहेब, आता मशीन लावायचे की माळ्यावर टाकायचे?"

मी डॉक्टर नव्हे. पण या प्रश्नाचे उत्तर तज्ज्ञांनी पुष्कळ अभ्यास करून दिलेले आहे, आणि ते शेतकऱ्याला चटकन पटेल असे आहे. मशीन जुन्या दाबावर तसेच चालू ठेवू नये आणि आपल्या मनाने बंदही करू नये. पुन्हा मोजून घ्यावे.

आधी रोग काय ते पाहू. जागेपणी आपल्या घशाचे स्नायू ताठ असतात, त्यामुळे श्वासाची वाट मोकळी राहते. झोपेत ते सैल पडतात. मानेत, जिभेच्या मुळाशी चरबी साठलेली असेल तर सैल पडलेला घसा मिटतो. हवा आत ओढताना मऊ रबरी नळी जशी चपटी होते तसाच हा प्रकार. माणूस जोराने घोरतो, मग एकदम शांत होतो. दहा सेकंद, वीस सेकंद, कधी त्याहून जास्त वेळ श्वास थांबतो. रक्तातला प्राणवायू उतरतो, मेंदू दचकून जागा होतो, माणूस मोठा आवाज करून श्वास घेतो आणि पुन्हा झोपी जातो. सकाळी त्याला यातले काही आठवत नाही. डोके मात्र जड असते आणि दिवसा बसल्या जागी डोळा लागतो. रक्तदाब वाढतो, हृदयावर ताण येतो.

झोपेच्या तपासणीत दर तासाला श्वास किती वेळा थांबला किंवा उथळ झाला ते मोजतात. मोठ्या माणसात तासाला ५ पेक्षा कमी असेल तर ठीक. ५ ते १५ सौम्य, १५ ते ३० मध्यम आणि ३० च्या वर गेला तर रोग तीव्र समजतात. आपल्या कागदपत्रांत हा आकडा असतो. तो एका वहीत उतरवून ठेवा, पुढे उपयोगी पडेल.

या मशीनची कल्पना १९८१ साली ऑस्ट्रेलियातल्या सिडनी येथे डॉ. कॉलिन सुलिव्हन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी पाच रुग्णांवर यशस्वी करून दाखविली. तत्त्व साधे आहे. नाकावाटे हवेचा हलका दाब सतत देत राहायचा, म्हणजे घसा मिटत नाही. हा दाब पाण्याच्या सेंटिमीटरमध्ये मोजतात. साधारणपणे ही मशिने ४ ते २० सेंटिमीटर दाब देऊ शकतात. आपला ठिबक संच सुमारे १ किलो दाबावर चालतो, म्हणजे दहा मीटर उंच पाण्याच्या दाबावर. त्या मानाने १० सेंटिमीटर म्हणजे शंभरावा हिस्सा. पण घशाच्या कामाला तेवढा पुरतो. मात्र तो बेताचा हवा. कमी पडला तर घसा मिटतो, जास्त झाला तर हवा नको तिथे शिरते.

आता वजनाचा हिशेब. अमेरिकेतल्या विस्कॉन्सिन या दूधदुभत्यासाठी प्रसिद्ध असलेल्या राज्यात ६९० लोकांची चार वर्षे पाहणी झाली. तिचे निष्कर्ष २००० साली प्रसिद्ध झाले. ज्यांचे वजन शेकडा १० ने घटले त्यांचा श्वास थांबण्याचा आकडा सरासरीने शेकडा २६ नी कमी झाला. ज्यांचे शेकडा १० ने वाढले त्यांचा आकडा शेकडा ३२ नी वाढला. म्हणजे वजनाचा परिणाम होतो, हे पक्के.

पण हाच हिशेब पुढे मांडून पाहा. समजा, वजन १०० किलो होते आणि तासाला श्वास ४० वेळा थांबत होता. वजन ९० वर आले. सरासरीने आकडा ३० च्या आसपास येईल. सुधारणा मोठी आहे, पण रोग अजून घरातच आहे. अमेरिकेतच मधुमेह असलेल्या २६४ रुग्णांवर दुसरा अभ्यास झाला, तो २००९ साली प्रसिद्ध झाला. आहार आणि व्यायामाचा काटेकोर कार्यक्रम पाळणाऱ्या गटाचे वजन वर्षात सरासरी १०.८ किलोंनी उतरले. त्यांतल्या शंभरात तेरा-चौदा जणांचा रोग पूर्ण हटला. नुसते सल्ले मिळालेल्या गटात हे प्रमाण शंभरात तीन-चार होते. फायदा झाला यात शंका नाही. पण वजन उतरवणाऱ्यांतही बहुतेकांना उपचार लागतच होता, हेही त्यातून दिसते.

याचे कारण असे की चरबी हे एकच कारण नसते. कोणाचा खालचा जबडा लहान व मागे असतो, कोणाचे टॉन्सिल मोठे असतात, कोणाचे नाक चोंदलेले असते. वयानुसार घसा सैल पडतो. दारू आणि झोपेच्या गोळ्या तो आणखी सैल करतात. वजन उतरले तरी ही कारणे जागच्या जागी राहतात.

ऊस पट्ट्यातल्या एका गावी मला एक शेतकरी भेटले. वजन अठरा किलोंनी उतरवलेले, घोरणे जवळजवळ थांबलेले. त्यांनी मशीन पेटीत भरून ठेवले. पहिले चार दिवस छान गेले. महिन्याभराने गाळपाच्या हंगामात ट्रॅक्टरवर त्यांचा डोळा लागू लागला. एकदा तर भरलेल्या दोन ट्रॉल्या मागे असताना चाक कालव्याच्या भरावाकडे गेले. शेजारी बसलेल्या मुलाने स्टिअरिंग धरले म्हणून निभावले. मालकीणबाईंनीच त्यांना डॉक्टरांकडे पाठविले. नव्या तपासणीत रोग निम्म्याहून कमी झालेला निघाला, पण गेलेला नव्हता. पूर्वी १४ चा दाब लागत होता, आता ९ पुरेसा ठरला. म्हणजे वजन उतरवण्याचे कष्ट फुकट गेले नव्हते. फक्त शेवटचे मोजमाप राहून गेले होते.

यातून दोन फसवणुका ध्यानात ठेवाव्यात. पहिली, मशीन बंद केल्यावर सुरुवातीच्या काही रात्री बऱ्या जातात. पाणी तोडल्यावर चार दिवस पीक तरारलेलेच दिसते, कारण जमिनीत ओल असते. तसेच हे. दुसरी, मशीनच्या पडद्यावर सकाळी दिसणारा आकडा. तो १ किंवा २ आला म्हणजे रोग गेला, असे पुष्कळांना वाटते. तो आकडा मशीन चालू असतानाचा असतो. फवारणी चालू असताना कीड दिसत नाही, म्हणून शिवारातली कीड संपली असे आपण धरत नाही. घोरणे थांबले एवढ्यावरूनही निकाल लावू नये. आवाज कमी होऊनही श्वास अडू शकतो.

आता दुसरी बाजू. वजन उतरूनही जुन्याच दाबावर मशीन चालू ठेवले तर काय होते? हवा पोटात जाते. सकाळी पोट फुगलेले, ढेकरा आणि वारा. घरचे लोक वाताचे चूर्ण देत बसतात. तोंड कोरडे पडते. रात्री हवेच्या जोराने जाग येते. चेहरा उतरल्यामुळे मास्क सैल होतो, कडेने हवा सुटून डोळ्यांत जाते, डोळे लाल होतात. मग माणूस पट्टे करकचून आवळतो आणि नाकावर जखम होते. ठिबकच्या जोडातून पाणी उडू लागले तर आपण नुसता जोड आवळत नाही, आधी दाब बघतो. इथेही तेच करावे. कधी दाब उतरवावा लागतो, कधी लहान मापाचा मास्क घ्यावा लागतो, कधी दोन्ही.

तेव्हा काय करावे ते क्रमाने सांगतो.

एक. दर पंधरा दिवसांनी एकाच काट्यावर, सकाळी, सारख्याच कपड्यांत वजन करून दिनदर्शिकेवर लिहावे. मशीन मिळाले त्या दिवसाच्या वजनापेक्षा शेकडा दहा घट झाली, म्हणजे १०० चे ९० किंवा ८० चे ७२ झाले, की मशीन लिहून देणाऱ्या डॉक्टरांना भेटावे. वर सांगितलेला त्रास सुरू झाला तर तेवढीही वाट पाहू नये.

दोन. जाताना मशीन, नळी, मास्क, जुनी फाईल आणि वजनाची नोंद बरोबर न्यावी. बहुतेक मशिनांत रोजची नोंद साठते. किती तास वापरले, गळती किती, श्वास किती वेळा अडला, हे डॉक्टर त्यातून वाचतात.

तीन. दाबाची कळ स्वतः फिरवू नये, शेजाऱ्याच्या मशीनवरचा आकडाही आपल्याला लावू नये. काही मशिने गरजेप्रमाणे दाब आपोआप कमीजास्त करतात. पण त्यांनाही किमान आणि कमाल अशी मर्यादा घालून दिलेली असते. ती मर्यादा जुन्या वजनाची असेल तर डॉक्टरांकडून बदलून घ्यावी.

चार. मशीन कायमचे सोडता येईल का, याचा निकाल मशीनशिवाय केलेल्या नव्या तपासणीवर लागतो. पुष्कळांची ही तपासणी आता घरीही होऊ शकते. तिच्याआधी मशीन किती रात्री बंद ठेवायचे ते डॉक्टरच सांगतील. त्या दिवसांत ट्रॅक्टर, मोटारसायकल, कडबाकुट्टी यांपासून लांब राहावे.

पाच. रक्तदाब आणि मधुमेहाची औषधेही त्याच वेळी तपासून घ्यावीत. वजन उतरल्यावर जुनी मात्रा जास्त होऊ शकते. इन्शुलिन किंवा साखर उतरवणाऱ्या काही गोळ्या घेणाऱ्याची साखर एकदम खाली जाऊन चक्कर, घाम, बेशुद्धी असा प्रसंग येतो.

सहा. आहार बदलला नाही, चालणे वाढवले नाही, तरी वजन आपोआप उतरत असेल तर त्याचा आनंद मानू नये. क्षय, न कळलेला मधुमेह, कर्करोग अशी कारणे त्यामागे असू शकतात. आधी दवाखाना गाठावा.

वजन उतरवणाऱ्या इंजेक्शनांविषयीही हल्ली विचारणा होते. टिर्झेपटाइड या औषधाला डिसेंबर २०२४ मध्ये अमेरिकेच्या औषध प्रशासनाने, लठ्ठपणा असलेल्या प्रौढांच्या मध्यम व तीव्र स्वरूपाच्या या रोगासाठी मान्यता दिली. ते २०२५ पासून आपल्या देशातही मिळू लागले. पण ते डॉक्टरांच्या चिठ्ठीनेच घ्यायचे औषध आहे. ते घेऊन वजन उतरले तरी वरचे सगळे नियम तसेच लागू होतात. औषध थांबवल्यावर वजन पुन्हा चढू शकते, हेही लक्षात असावे.

आणि ज्यांना डॉक्टरांनी मशीन सोडायला सांगितले, त्यांनीही वजनाची नोंद सोडू नये. वजन परत वाढले की रोग परत येतो. लग्नसराई, दिवाळी आणि शेतीची कामे नसलेले दिवस हे वजन चढण्याचे दिवस. चार-पाच किलो वाढले, दिवसा पेंग येऊ लागली किंवा घोरणे पुन्हा सुरू झाले, तर डॉक्टरांना पुन्हा दाखवावे.

शेवटी घरच्या माणसांना विनंती. झोपलेल्या माणसाला आपला श्वास अडलेला कळत नाही, ते शेजारी झोपणाऱ्याला कळते. मालकीणबाईंनी, सुनेने, मुलाने अधूनमधून एखाद्या रात्री पंधरा-वीस मिनिटे कान देऊन ऐकावे आणि काय ऐकले ते डॉक्टरांना सांगायला स्वतः बरोबर जावे. चार वर्षांपूर्वीच्या माती परीक्षणावर आपण आजच्या पिकाला खत घालत नाही. वजन बदललेल्या माणसालाही जुन्या मापाने दाब देऊ नये.

कळावे.