चित्र दिसते, मग आवाज कुठे गेला?

आपल्या घरातली गेल्या पंचवीस वर्षांतली लग्ने, नामकरणे आणि वाढदिवस कपाटातल्या व्हीसीडींमध्ये पडून आहेत. एका व्हीसीडीत सव्वा तासाच्या आसपासच चित्रण मावते. म्हणून एकेका लग्नाच्या दोन-तीन सीडी होत. आता त्यांवर ओरखडे पडू लागले आहेत. तेव्हा घरातला मुलगा किंवा पुतण्या म्हणतो, “सगळे एका डीव्हीडीत घालून देतो, मोबाईलवरचेही जोडतो.” विचार चांगला आहे. पण ती डीव्हीडी टीव्हीला लावली की नवरा-नवरी दिसतात, पाहुण्यांचे ओठ हलतात, आवाज मात्र येत नाही. मग दोष प्लेअरला देतात, वायरीला देतात. बऱ्याचदा दोष दोघांचाही नसतो.

चित्र आणि आवाज या फाइलमध्ये दोन वेगळ्या वस्तू असतात. आवाज कोणत्या पद्धतीने बांधून ठेवायचा, याचे प्रत्येक डिस्कचे नियम ठरलेले आहेत. व्हीसीडीचा नियम १९९३ साली ठरला. तिच्यात ‘एमपेग-१ लेयर-२’ या पद्धतीचा आवाज असतो आणि एका सेकंदाला त्याचे ४४,१०० नमुने घेतलेले असतात. डीव्हीडी १९९६ साली बाजारात आली. तिला सेकंदाला ४८,००० नमुने लागतात आणि आवाज पीसीएम, एसी-३ म्हणजेच डॉल्बी डिजिटल, किंवा एमपेग लेयर-२ अशा पद्धतीचा लागतो. मोबाईलच्या चित्रणात आवाज बहुधा ‘एएसी’ पद्धतीचा असतो. डीव्हीडी-व्हिडीओच्या नियमात एएसी बसत नाही, एमपी-३ सुद्धा बसत नाही.

“पण संगणकावर तर नीट वाजते!” असे मुले म्हणतात. संगणकात नाना पद्धती ओळखणारे प्रोग्राम असतात. प्लेअरला कारखान्यात जेवढे शिकवले तेवढेच येते. म्हणून संगणकावर वाजले म्हणजे काम झाले, असे समजू नये.

दुसरा घोटाळा याहून फसवा. व्हीसीडीचा आवाज न बदलता घेतला आणि तो ४८,०००च्या गतीने वाजला, तर एका तासाचा आवाज ५५ मिनिटांतच संपतो. आवाज बारीक आणि घाईचा होतो, चित्र मागे राहते. आजी आशीर्वाद द्यायला उभी राहते, तोवर तिचे बोलणे संपलेले असते.

उपाय अवघड नाही. डिस्क भरण्याआधी आवाज बदलून घ्यावा. संगणकावर ‘डीव्हीडी स्टायलर’सारखा मोफत प्रोग्राम हे काम करतो. आवाज एसी-३, ४८ किलोहर्ट्झ आणि चित्र आपल्याकडच्या ‘पाल’ पद्धतीचे निवडावे. पीसीएमही चालतो, पण तो जागा फार खातो. तासाभराचा पीसीएम आवाज सुमारे ६९० एमबी घेतो, तर १९२ किलोबिटचा एसी-३ आवाज सुमारे ८६ एमबी. साध्या डीव्हीडीत एकूण जागाच ४.७ जीबी. ती चित्राला राहिलेली बरी.

दुकानातून काम करून घेणार असाल तर चिठ्ठीवर चार गोष्टी लिहून द्या: डीव्हीडी-व्हिडीओ, पाल, एसी-३, ४८ किलोहर्ट्झ. नुसत्या फाइली डिस्कवर टाकून देऊ नका, असे बजावा. डिस्क शेवटी ‘फायनलाइज’ करायला सांगा, नाहीतर दुसऱ्या प्लेअरवर ती लागेलच असे नाही. पैसे देण्याआधी ती दुकानातल्या संगणकावर नव्हे, तर साध्या प्लेअरवर लावायला सांगा. सुरुवात, मध्य आणि शेवट अशा तिन्ही जागी ऐका. सुरुवातीला जुळलेला आवाज शेवटी सुटलेला असू शकतो. यात लाजण्यासारखे काही नाही. पैसा घामाचा आहे आणि एकदाच भरता येणारी डिस्क चुकली तर ती दुरुस्त होत नाही.

माता-भगिनींना आमचे एक सांगणे आहे. नवी डिस्क हातात आली म्हणून जुनी व्हीसीडी किंवा कॅसेट भंगारात देऊ नका, मोबाईलमधले मूळ चित्रणही पुसू नका. नव्या डिस्कवर आवाज आला नाही तरी मूळ प्रत जवळ असेल तर तो पुन्हा काढता येतो. मूळ गेले की आवाज कायमचा गेला. मूळ फाइलींची एक प्रत पेन ड्राइव्हवर आणि दुसरी नातेवाइकाच्या घरी ठेवावी.

आपल्या कितीतरी घरांत आजी-आजोबांनी स्वतः लिहिलेली एक ओळही नाही. त्यांना लिहिता येत नव्हते. ते बोलत होते. फोटो भिंतीवर आहे, पण त्यांचे बोलणे कुठे उरले असेल तर ते एखाद्या लग्नाच्या सीडीत, मांडवाच्या गोंगाटात, दोन मिनिटांपुरते. या रविवारी कपाट उघडा, सीडी लावून पाहा आणि आवाज येतो का ते आधी ऐका.