काढलेला तुकडा तपासायला हवा

म्हाताऱ्या माणसाच्या डोक्याला किरकोळ मार लागतो आणि तो विसरलाही जातो. काही आठवड्यांनी डोके दुखते, चालताना तोल जातो, बोलणे अडखळते. घरचे म्हणतात वय झाले, कुणी दम करून घेते. सीटी स्कॅन केल्यावर कळते की मेंदूभोवती जुने रक्त साठले आहे. कवटीला छिद्र पाडून ते काढले की बहुतेक रुग्ण सुधारतात. माझा मुद्दा त्यापुढचा आहे.

साठलेल्या रक्ताभोवती शरीर एक पडदा तयार करते. त्यात नाजूक रक्तवाहिन्या आणि दाहाच्या पेशी असतात. बहुतेक वेळा तपासणीत एवढेच दिसते. म्हणून अनेकदा तो तपासायला पाठवलाच जात नाही. पण क्वचित त्याच पडद्यात किंवा मेंदूच्या आवरणात स्तनाच्या, प्रोस्टेटच्या कर्करोगाच्या किंवा रक्ताच्या कर्करोगाच्या पेशी सापडतात. तेव्हा रक्त साठण्याचे कारण मार नसून कर्करोग असू शकतो. रक्त काढले तरी ते पुन्हा साठते आणि खरा आजार वाढत राहतो.

कधी या पडद्यात रक्त तयार करणाऱ्या, म्हणजे अस्थिमज्जेत असाव्यात अशा पेशी दिसतात. आपल्या नंदुरबारला हे विशेष लागू आहे. भिल्ल, पावरा समाजांत सिकलसेल मोठ्या प्रमाणावर आहे. या आजारात मज्जेवर ताण येतो, अशा पेशी मज्जेबाहेरही वाढू शकतात. मार न लागताही कवटीत रक्तस्राव झालेले सिकलसेलचे रुग्ण वैद्यकीय नोंदींत आहेत. पॅथॉलॉजिस्टला सिकलसेल माहीत नसेल, तर या पेशींवरून कर्करोगाचा संशय येऊ शकतो.

प्रत्येक रुग्णाचा तुकडा तपासा, असे मी म्हणत नाही. गरिबाला तो खर्चही जड जातो. पण रुग्ण तरुण असेल, मार लागलेला नसेल, पूर्वी कर्करोग झाला असेल, रक्त पुन्हा साठले असेल किंवा पडदा वेगळा दिसत असेल, तर तो फॉर्मॅलिनमध्ये घालून पाठवलाच पाहिजे.

धडगाव-अक्कलकुव्याचा माणूस धुळे किंवा सुरत गाठतो तेव्हा नातेवाईक फक्त "ऑपरेशन झाले का?" विचारतात. त्यांनी सिकलसेलचे कार्ड सोबत न्यावे आणि अदबीने आणखी एक प्रश्न विचारावा: "डॉक्टरसाहेब, तुकडा तपासायला पाठवला का?" ज्याला लिहिता-वाचता येते, त्याने शेजाऱ्यासाठी, मग तो कोणत्याही जातीधर्माचा असो, एवढे करणे ही खिदमतच आहे.