बाबांची पहिली कोचई

पुण्यात नवा नवा होतो तेव्हा भाजीवाल्याला म्हटलं, ‘अर्धा किलो कोचई द्या.’ त्याचा चेहरा कोरा. शेवटी बोट दाखवलं. ‘मग अरवी म्हणा की!’ तर मंडळी, आमच्या भंडाऱ्याकडे अरवी म्हणजे कोचई. वैनगंगेच्या आणि तळ्यांच्या या जिल्ह्याचं नाव काढलं की लोकांना धान आठवतं. मला आईने तव्यावर परतलेली कोचई आठवते.

आई जाऊन दीड वर्ष झालं. बाबा भंडाऱ्याला एकटेच. ‘पुण्याला चला’ म्हटलं की विषय बदलतात. डबा लावून दिलाय. दर रविवारी फोनवर एकच उत्तर, ‘जेवलो ना.’ काय जेवले, ते कधीच नाही. दिवाळीला घरी गेलो, तर फ्रिजमध्ये तीन डबे तसेच, न उघडलेले. सॉलिड टेन्शन आलं. चिडणार होतो. मग लक्षात आलं, चहा सोडला तर या माणसाने आयुष्यात गॅसवर काही ठेवलेलंच नाही.

दुसऱ्या दिवशी बाजारातून कोचई आणली. ‘आज भाजी तुम्ही करायची.’

‘मले कुठं येते?’

‘मलातरी कुठे येत होती!’

पहिला घोळ लगेच झाला. मी कुकर शोधतोय तोवर बाबांनी ओल्या हातांनी कच्चीच सोलायला घेतली. पाच मिनिटांत, ‘हात खाजवून राह्यले ना रे!’ कोचईत कॅल्शियम ऑक्झलेटचे सुईसारखे बारीक स्फटिक असतात, ते त्वचेला टोचतात. त्यामुळे फंडा सिंपल आहे. कच्ची सोलायची तर हात कोरडे हवेत, वर तेल चोळलेलं. नाहीतर सरळ आधी उकडा.

आम्ही उकडली. माती धुऊन, सालासकट, सुरी जेमतेम आत जाईल इतकीच. जास्त शिजली की गिचका. गार झाल्यावर साल बोटांनीच निघते. जाडसर चकत्या करून थोडा वेळ ताटात पसरून ठेवा, चिकटपणा कमी होतो. तव्यावर दोन-तीन चमचे तेल, त्यात ओवा, मग हळद, आणि चकत्या एका थरात. आता हात आवरा! तीन-चार मिनिटं ढवळायचं नाही. खालून लालसर झाल्या की उलटा. शेवटी तिखट, धणेपूड, मीठ आणि आमचूर किंवा लिंबू. आंबट हवंच. घसा खवखवू नये म्हणून घरोघरी हीच युक्ती.

बाबा अर्थातच सारखे ढवळत होते. अर्ध्या चकत्या मोडल्या. वरण-भाताबरोबर आम्ही जेवलो. आईसारखी झाली नव्हती, हे दोघांनाही कळलं. दोघंही बोललो नाही. पण बाबांनी दुसऱ्यांदा भात घेतला.

मी पुण्याला परतलो, पुन्हा डेडलाइन, पुन्हा मीटिंगा. पुढच्या रविवारी नेहमीसारखा फोन केला. ‘जेवलात?’

‘ओवा जास्त पडला रे आज. किती टाकाचा असते?’

चिमूटभर, बाबा. चिमूटभरच. फोन ठेवला आणि मीही तवा तापत ठेवला.