कुत्रा आपले पाय पाहतो

गेल्या पंधरवड्यात एका शाळकरी मुलाचे पत्र आले. मोबाइलवर कुत्र्यांची अडथळ्यांची शर्यत पाहून त्याने घरच्या मोत्याला तसे शिकवायला घेतले आहे. एकटा असला की मोत्या बांधावरून सहज उडी टाकतो. पण मुलगा बरोबर पळू लागला की काठीला वळसा घालून त्याच्याच पायांत येतो. ओरडून ओरडून मुलाचा घसा बसला. वडील म्हणतात, दोन फटके दे. काय करावे, असे तो विचारतो.

फटके मुळीच देऊ नयेत. मार बसला की मोत्या काठीलाच भिऊ लागेल.

ही शर्यत इंग्लंडची. लंडनच्या क्रफ्ट्स श्वानप्रदर्शनात १९७८ साली, मधल्या वेळेत प्रेक्षकांची करमणूक व्हावी म्हणून, घोड्यांच्या उड्यांवरून ती बसविली गेली. १९८० साली तिथल्या केनेल क्लबने तिला मान्यता दिली. आडव्या काठ्या, बोगदा, वर-खाली होणारी फळी, उभ्या काठ्यांतून नागमोडी वाट, असे अडथळे क्रमाने पार करायचे. हा क्रम दर वेळी नवा असतो. माणूस तो आधी एकटा चालून पाहतो. कुत्र्याला तो ठाऊक नसतो. धावताना साखळी नाही, कुत्र्याला हात लावायचा नाही. तेव्हा जे सांगायचे ते अंगानेच सांगावे लागते. तोंडचा शब्द बहुधा उशिरा पोचतो.

पळणारा कुत्रा आपले खांदे आणि पाय कोणीकडे वळले ते पाहतो. आपला हा मुलगा काठीजवळ आला की मोत्या उडी मारतो का ते पाहायला थबकत असणार, वळत असणार. थबकणे म्हणजे ‘वळ’, आणि छाती त्याच्याकडे फिरली म्हणजे ‘ये’. मोत्या येतो. त्याने हुकूम पाळला, आणि वर बोलणीही खाल्ली! मुलाने नजर काठीच्या पलीकडे ठेवून त्याच वेगाने सरळ जावे. भाकरीचा तुकडा पलीकडच्या बाजूला टाकावा, हातातून देऊ नये.

कुत्रा डाव्या हाताचा उजव्या हाताला घेणे, हे खरे अवघड काम. आपण त्याच्या पुढे असलो, तर त्याच्याकडे तोंड करून फिरावे व बाजू बदलावी. तोच पुढे असेल, तर त्याच्या मागून वाट ओलांडावी. नवे कुत्रे मात्र अशा वेळी गोंधळून मागे वळते, म्हणून हे नंतर शिकवावे. त्याच्याकडे पाठ करून पुढून जाण्याचीही एक रीत आहे, ती जाणत्यांसाठी. कोणतीही रीत असो, कुत्र्याने पाय उचलण्याआधी आपले वळणे सुरू झाले पाहिजे. कोठे उतरायचे हे त्याने उडीआधीच ठरविलेले असते. तो हवेत असताना आपण फिरलो, तर काठी पडते, कधी पायही मुरगळतो. औत बांधाला टेकल्यावर कोणी कासरा ओढतो का? दोन पावले आधीच ओढतो.

मोत्या सव्वा वर्षाचा आहे, असे पत्रात आहे. जागतिक संघटनेच्या नियमाप्रमाणे १८ महिन्यांच्या आतले कुत्रे स्पर्धेत घेत नाहीत. कोवळ्या हाडांना आणि सांध्यांना उड्या सोसत नाहीत. तोवर काठी जमिनीवरच ठेवावी आणि नुसती वळणे शिकवावीत. उन्हे उतरल्यावर, मऊ जमिनीवर, दहा मिनिटे पुरेत. रस्त्यालगत किंवा बिनकठड्याच्या विहिरीजवळ हा खेळ नको. हाक मारताच मोत्या येत नसेल, तर आधी तेवढेच शिकवावे.

पुढे काठी वर घ्याल, तेव्हा ती खुंट्यांना बांधू नये. पाय लागताच पडेल, अशी नुसती टेकवावी.