सवलत की पाळत?

जो गृहस्थ आपली मोटार जपून हाकतो, वेगाची मर्यादा पाळतो आणि आठवड्यातून दोनच वेळा गाडी बाहेर काढतो, त्याने बेफाम चालकाइतकाच विम्याचा हप्ता का भरावा, हा प्रश्न रास्त आहे. भारतीय विमा नियामक व विकास प्राधिकरणाने जुलै २०२२ मध्ये त्याची दखल घेतली आणि मोटार किती चालते व कशी चालविली जाते, यावरून हप्ता ठरविणाऱ्या पूरक योजना विकण्याची मुभा विमा कंपन्यांना दिली. गाडीच्या यंत्रणेला जोडलेली एक छोटी डबी किंवा चालकाच्या खिशातील मोबाईल वेग, अंतर, वेळ, एकाएकी दाबलेला ब्रेक आणि वळणावरील झोक यांची नोंद करतो. या नोंदीवरून चालकाला गुण मिळतात आणि गुणांवरून सवलत.

या सवलतीला आमचा विरोध नाही. २०२२ या एका वर्षात आपल्या देशातील रस्त्यांवर अपघातांत १,६८,४९१ माणसे मृत्युमुखी पडली. अशा देशात सावधपणाला पैशाच्या रूपाने दाद मिळत असेल, तर तिचे स्वागतच केले पाहिजे. आज रूढ असलेला ‘नो क्लेम बोनस’ पाच वर्षांत ५० टक्क्यांपर्यंत सूट देतो खरा. परंतु तो केवळ दावा केला नाही एवढेच पाहतो. नशिबाने वाचलेला बेपर्वा चालकही त्याचा धनी होतो. प्रत्यक्ष वाहन चालविण्याची रीत पाहणारी पद्धत तत्त्वतः अधिक न्याय्य आहे, हे मान्य करावयास हवे.

तथापि न्याय्य तत्त्वाचा व्यवहार न्याय्य होतोच असे नाही. डबीला ब्रेक दाबलेला कळतो. तो का दाबला, हे कळत नाही. रस्त्यात धावत आलेले मूल, उलट दिशेने आलेली स्कूटर, पावसाळ्यात पाण्याखाली दडलेला खड्डा यांपासून वाचण्यासाठी जो चालक तत्परतेने ब्रेक दाबतो, त्याचेच गुण कापले जावयाचे. रात्री मोटार चालविणे अधिक धोक्याचे, असा हिशेब मांडला, तर रात्रपाळी संपवून घरी परतणारी परिचारिका अपराध नसताना दंड भरील. शाळेतील विद्यार्थ्याला आपली उत्तरपत्रिका पाहता येते व फेरतपासणी मागता येते. येथे गुण दिले जातात, पण उत्तरपत्रिका कंपनीच्या कपाटात राहते.

याहून गंभीर प्रश्न या नोंदी पुढे कोठे जातात, हा आहे. अमेरिकेचा अनुभव या बाबतीत डोळे उघडणारा आहे. जनरल मोटर्स ही कंपनी आपल्या ग्राहकांच्या वाहन चालविण्याच्या नोंदी माहितीचा व्यापार करणाऱ्या संस्थांना पुरवीत होती आणि त्या संस्थांकडून त्या विमा कंपन्यांपर्यंत पोहोचत होत्या, ही गोष्ट मार्च २०२४ मध्ये न्यूयॉर्क टाइम्सने उघडकीस आणली. एका मोटारमालकाविषयीच्या अहवालात सहा महिन्यांतील ६४० फेऱ्यांची नोंद होती आणि त्याच्या विम्याचा हप्ता २१ टक्क्यांनी वाढला होता. आपली संमती आपण कधी दिली, हे अनेक ग्राहकांना ठाऊकही नव्हते. जानेवारी २०२५ मध्ये तेथील संघीय व्यापार आयोगाने कंपनीवर कारवाई जाहीर केली. काही मोटारींचे ठिकाण दर तीन सेकंदांनी टिपले जात होते, असा आयोगाचा आरोप होता. सवलतीच्या नावाने आणलेली यंत्रणा हप्ता वाढविण्याचे साधन कशी बनते, याचा हा धडा आहे.

मोटार कोठे उभी राहिली हे सांगणारी नोंद केवळ वाहनाची नसते. ती माणूस कोणत्या डॉक्टरकडे गेला, कोणत्या सभेला बसला, कोणाच्या घरी थांबला, हेही सांगते. २४ ऑगस्ट २०१७ रोजी सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायमूर्तींनी एकमताने खाजगीपणा हा मूलभूत हक्क ठरविला. त्यानंतर २०२३ मध्ये डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायदा आला आणि नोव्हेंबर २०२५ मध्ये त्याचे नियम प्रसिद्ध झाले. संमती मोकळेपणाने व समजून दिलेली असावी, असे हा कायदा म्हणतो. परंतु छापील अटींच्या अठरा पानांखाली केलेली सही म्हणजे समजून दिलेली संमती नव्हे.

आज ही योजना ऐच्छिक आहे. १९८८ च्या मोटार वाहन कायद्याने सक्तीच्या केलेल्या त्रयस्थाच्या विम्याचे दर केंद्र सरकार ठरविते. म्हणून ही सवलत स्वतःच्या गाडीच्या नुकसानीच्या विम्यापुरतीच आहे. पण बहुसंख्य लोकांनी ती घेतली, की न घेणारा संशयास्पद ठरेल आणि त्याचा हप्ता चढेल. अनेकांनी मिळून एकाचे संकट वाटून घ्यावयाचे, हा विम्याचा पाया आहे. तोही मग डळमळीत होईल.

म्हणून प्राधिकरणाने आताच नियम घालून दिले पाहिजेत. हप्त्यासाठी आवश्यक तेवढीच नोंद घ्यावी. केवळ अंतरावर सवलत असेल, तर ठिकाण टिपण्याचे कारण नाही. विमेदाराला आपली नोंद पाहण्याचा व गुणांना हरकत घेण्याचा हक्क असावा. विमा संपताच ती नोंद नष्ट व्हावी व कोणत्याही परिस्थितीत विकली जाऊ नये. आणि जो यंत्र बसविण्यास नकार देईल, त्याचा हप्ता केवळ त्या कारणाने वाढविता येऊ नये. २०२२ मध्ये प्राधिकरणाने कंपन्यांना दार उघडून दिले. त्या दाराची कडी आता विमेदाराच्या हाती दिली पाहिजे.